गोळी हृदयाची, कळ पोटरीची

कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी आपले मुख्य काम यकृतात करते आणि तिच्यामुळे जपले जाते ते हृदय. पण ती घेणारा माणूस डॉक्टरांसमोर बसतो तेव्हा बोलतो पायांबद्दल. मांड्या भरून येतात, पोटऱ्या ठणकतात, जिना चढताना पाय उचलवत नाहीत, रात्री गोळे येऊन झोपमोड होते. रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन घेणाऱ्याची तक्रार वेगळी: संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात, मोज्याचे वळ उठतात, चप्पल घट्ट होते. बीटा ब्लॉकर घेणाऱ्याचे तळपाय गार पडतात, तर लघवी वाढवणाऱ्या गोळीने पोटऱ्या वळतात. छातीतल्या अवयवासाठी घेतलेल्या औषधाचा परिणाम थेट पायांत का उमटावा, हा वैद्यकशास्त्रातला खरोखर नवलाचा भाग आहे. त्याचा उलगडा जपानमधल्या एका धान्याच्या दुकानापासून सुरू होतो, आणि पुणेकरांच्या पायांपुरता तो पुरा करायचा तर रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयातल्या संशोधनापर्यंत यावे लागते.

अकिरा एंडो यांचा जन्म १९३३ साली जपानच्या अकिता प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात झाला. बुरशीचे कुतूहल त्यांना लहानपणापासून होते आणि पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांचे चरित्र वाचून ते कुतूहल पक्के झाले. सांक्यो या औषध कंपनीत काम करताना त्यांनी एक धाडसी तर्क केला. बुरशी जर जिवाणूंना मारणारे द्रव्य तयार करते, तर कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्यही एखादी बुरशी तयार करत असेल. १९७१ पासून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांच्या आसपास सूक्ष्मजीव एकेक करून तपासले. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातून आलेल्या तांदळावर वाढलेल्या निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हवे ते सापडले. ती बुरशी पेनिसिलियम सिट्रिनम. १९७३ साली तिच्यापासून वेगळे केलेले द्रव्य म्हणजे कॉम्पॅक्टिन, जगातले पहिले स्टॅटिन.

पेनिसिलियम हे कूळ पिंपरीला चांगले परिचयाचे आहे. १९५४ साली स्थापन झालेल्या तिथल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सच्या कारखान्यात याच कुळातल्या बुरशीपासून देशात मोठ्या प्रमाणावर पेनिसिलिन तयार होऊ लागले. न्यूमोनियातून माणसे उठवणारे औषध आणि हृदयविकाराचा झटका टाळणारे औषध अशी एकाच कुळातून यावीत, याचे मला फार अप्रूप वाटते.

कॉम्पॅक्टिनची सुरुवात मात्र सोपी नव्हती. उंदरांमध्ये त्याने कोलेस्टेरॉल उतरेना. कोंबड्यांमध्ये ते चांगले उतरले, तेव्हा कुठे काम पुढे सरकले. १९७८ साली ओसाका विद्यापीठातले डॉक्टर अकिरा यामामोटो यांनी आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीने गंभीर आजारी असलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला हे औषध दिले. कोलेस्टेरॉल घसरले, पण काही काळाने तिचे स्नायू दुर्बळ होऊ लागले आणि औषध थांबवावे लागले. यामामोटो यांनी ते सोडून दिले नाही. मात्रा कमी करून त्यांनी इतर गंभीर रुग्णांवर उपचार चालू ठेवले आणि गुण आला. म्हणजे स्नायूंची तक्रार स्टॅटिनइतकीच जुनी आहे, आणि मात्रा कमी करून पुन्हा पाहायचे हा तिच्यावरचा तोडगाही तितकाच जुना आहे. आज पुण्यातला हृदयरोगतज्ज्ञ पाय दुखणाऱ्या रुग्णाला जे सांगतो, त्याचे मूळ त्या ओसाकाच्या वॉर्डात आहे.

पुढे अमेरिकेतल्या मर्क कंपनीने दुसऱ्या एका बुरशीपासून लोव्हास्टॅटिन काढले आणि १९८७ साली त्याला मान्यता मिळाली. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिनने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. त्यानंतर ही औषधे खरोखर जीव वाचवतात का, हा मूळ वाद संपला. एलडीएल हे घातक कोलेस्टेरॉल सुमारे ३९ मिलिग्रॅमने खाली आणले की हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारखे प्रसंग पाचव्या हिश्श्याने कमी होतात, हे आता लाखाहून अधिक लोकांवरच्या चाचण्यांतून सिद्ध झालेले आहे. पायांचा विचार करताना हा आकडा डोळ्यांसमोर हवाच.

आता यकृतातले औषध पोटरीत कसे पोचते ते पाहू. शरीरात कोलेस्टेरॉल तयार होण्याची रासायनिक साखळी लांबलचक आहे. तिच्या सुरुवातीच्या टप्प्यावरचे एचएमजी-कोए रिडक्टेज हे विकर स्टॅटिन अडवते. यकृताच्या पेशींना कोलेस्टेरॉल कमी पडू लागते, म्हणून त्या रक्तातले एलडीएल ओढून घेणारे ग्राहक आपल्या पृष्ठभागावर वाढवतात आणि रक्त स्वच्छ होते. या ग्राहकांचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ साली नोबेल मिळाले. पण त्याच साखळीतून पुढे आणखीही पदार्थ बनतात. पेशींच्या ऊर्जाकेंद्रांना लागणारे कोएन्झाइम क्यू-१० त्यांपैकीच एक. ही साखळी स्नायूंच्या पेशींतही चालते. सिम्व्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन मेदात विरघळणारी असल्याने स्नायूंत सहज शिरतात. रोसुव्हास्टॅटिन आणि प्रॅव्हास्टॅटिन पाण्यात विरघळणारी असल्याने तुलनेने कमी. शिवाय रक्तातले स्टॅटिन यकृतात ओढून घेणारे एक प्रथिन काही माणसांत जन्मतःच मंद असते. अशा माणसांत औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळते. एसएलसीओ१बी१ या जनुकातला हा फरक २००८ साली ब्रिटनमधल्या संशोधनात सापडला. सिम्व्हास्टॅटिनची ८० मिलिग्रॅमची मोठी मात्रा घेणाऱ्यांपैकी ज्यांच्या स्नायूंना खरी इजा झाली, त्यांच्यातल्या बहुतेकांत हा फरक होता.

स्टॅटिनची म्हणून जी खरी दुखापत असते तिचे वर्तन बऱ्यापैकी ठरलेले असते. ती दोन्ही बाजूंना सारखी असते. मांड्या, नितंब, पोटऱ्या, कधी खांदे अशा मोठ्या स्नायूंत असते. गोळी सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत उगवते आणि गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ओसरते. एकाच गुडघ्यात कळ असेल, किंवा कमरेतून एकाच पायात वीज गेल्यासारखे होत असेल, तर संशय सांध्यावर किंवा मणक्यावर घ्यावा. पाच वर्षे एकाच मात्रेत निमूट सोसलेल्या गोळीने सहाव्या वर्षी अचानक दुखू लागले, तर मधल्या काळात काय बदलले ते शोधावे. नवे प्रतिजैविक, विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिन किंवा एरिथ्रोमायसिन, बुरशीवरचे इट्राकोनॅझोल, गाऊटवरचे कोल्चिसीन, थायरॉईडचा मंदावलेला कारभार, मूत्रपिंडाचा त्रास ही नेहमीची कारणे. सिम्व्हास्टॅटिनबरोबर ॲम्लोडिपिन चालू असेल तर सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या पुढे नेत नाहीत. ग्रेपफ्रूटचा रस सिम्व्हास्टॅटिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिनची रक्तातली पातळी वाढवतो. ग्रेपफ्रूट हे पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून आलेले फळ आहे, त्यामुळे ज्यांना पपनस आवडते त्यांनी रोज खाण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावे.

क्वचित ही इजा भयंकर रूप घेते. स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतले द्रव्य मूत्रपिंडांत अडकते; त्याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. सेरिव्हास्टॅटिन हे औषध त्यामुळेच ऑगस्ट २००१ मध्ये जगभरच्या बाजारातून मागे घेतले गेले. आज प्रचलित असलेल्या स्टॅटिनमध्ये हे वर्षाकाठी लाखात मोजक्याच लोकांना होते. तरी त्याची खूण प्रत्येकाला ठाऊक असावी: असह्य स्नायुदुखी, पायांतले त्राण जाणे आणि कोऱ्या चहासारखी गडद लघवी. हे दिसले तर गोळी घेऊ नये आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मग रोजच्या साध्या ठणक्याचे काय? तो किती जणांना खरोखर गोळीमुळे होतो? याचे उत्तर अनेकांना चकित करते. २०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात १९ चाचण्यांतल्या १,२३,९४० लोकांची माहिती एकत्र करून मांडली गेली. स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी २७.१ टक्के लोकांनी स्नायूंच्या दुखण्याची किंवा अशक्तपणाची तक्रार केली. आणि औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्यांपैकी? २६.६ टक्के. जो थोडा फरक होता तो मुख्यतः पहिल्या वर्षातला. स्टॅटिन घेणाऱ्यांनी सांगितलेल्या दर दहा तक्रारींपैकी नऊहून अधिक तक्रारींचे मूळ गोळीत नव्हते.

त्याहून विलक्षण प्रयोग लंडनच्या इम्पिरियल कॉलेजात झाला आणि २०२० साली प्रसिद्ध झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेल्या ६० जणांना बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या. चार बाटल्यांत ॲटोर्व्हास्टॅटिन, चारांत औषध नसलेल्या गोळ्या, चार रिकाम्या. क्रम कुणालाच माहीत नाही. रोज त्रासाला शून्य ते शंभर गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८ गुण आले. स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३. आणि औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे गोळी घेतली की त्रास दुप्पट होत होता, पण आत औषध असो वा नसो. स्वतःचे आकडे पाहिल्यावर त्यांतल्या निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केले.

या प्रयोगाचा चुकीचा अर्थ काढणारे फार आहेत, म्हणून स्पष्ट लिहितो. त्या लोकांचे दुखणे खोटे नव्हते. अपाय होईल या अपेक्षेने मेंदू स्नायूंतल्या बारीकसारीक संवेदना टिपू लागतो आणि त्या खऱ्याखुऱ्या दुखतात. वयस्कर माणसाला ‘हे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगून वाटेला लावणे मला अन्यायाचे वाटते, आणि ते निरुपयोगीही आहे. कारण त्या माणसाचे दुखणे तसेच राहते आणि घरी जाऊन तो गोळी बंद करतो. उलट त्याची तक्रार ऐकून, तपासून, शोध घेतला तर अनेकदा दुसरेच काही हाती लागते.

हे दुसरे काहीतरी पुण्यात फार मोठे आहे. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी पुण्याच्या शहरी मध्यमवर्गातले, झोपडपट्टीतले आणि आसपासच्या खेड्यांतले मिळून ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. त्यांपैकी ६७ टक्के लोकांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. सर्वाधिक कमतरता शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के! शाकाहार हे तिचे मोठे कारण. ब-१२ कमी असले की पायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात, चालताना तोल सावरत नाही. त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असेल तर ब-१२ आणखी उतरते. आता शनिवार पेठेत किंवा कोथरूडमध्ये राहणारा, शाकाहारी, साठीचा, मधुमेही आणि स्टेंट बसवलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याचे पाय दुखू लागले तर तो बोट ठेवतो स्टॅटिनवर, कारण तिच्याबद्दल त्याने ऐकलेले असते. ब-१२ तपासायचे राहून जाते. तपासणी साधी आहे, उपचार स्वस्त आहे आणि वेळेत झाला तर नसांची इजा बरीचशी भरून निघते.

याज्ञिकांचे आणखी एक काम इथे आठवते. २००४ साली लॅन्सेटमध्ये त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश स्नेही जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. उंची आणि वजनाच्या हिशेबाने दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत मेद जास्त आणि स्नायू कमी, अशी ही आपली घडण. हृदयविकार आणि मधुमेह आपल्याला लवकर का गाठतात हे त्यातून कळते. पण मला त्यात पायांच्या प्रश्नाचाही एक धागा दिसतो. स्टॅटिनचा स्नायूंना त्रास होण्याची शक्यता लहान चणीच्या, कमी स्नायू असलेल्या, वयोवृद्ध माणसांत जास्त असते; स्त्रियांमध्येही अधिक. रोसुव्हास्टॅटिनची एकच मात्रा दिली असता आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात ती गोऱ्या लोकांच्या सुमारे दुप्पट भरते. म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनीही आशियाई रुग्णांत ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी असे पत्रकात नमूद केले आहे. थोड्या मात्रेत आपले काम भागू शकते, हे डॉक्टरांशी बोलताना लक्षात ठेवण्याजोगे.

आता चालण्याबद्दल. पुण्यात हृदयरुग्ण घरी बसत नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या, तळजाई, हनुमान टेकडी, वेताळ टेकडी ही त्याची रोजची ठिकाणे. आणि ज्येष्ठात पालख्या शहरात येतात, ज्ञानोबांची भवानी पेठेत, तुकोबांची नाना पेठेत, तेव्हा स्टेंट बसवलेली, गोळ्यांचे पाकीट कनवटीला असलेली कितीतरी माणसे पुढच्या वाटेला लागतात. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर दिवे घाट चढून सासवड गाठायचे म्हणजे एका दिवसात सुमारे ३० किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर सगळी वाट सुमारे २५० किलोमीटर. स्टॅटिन घेणाऱ्याने इतके चालावे का, हा प्रश्न घरोघरी पडतो.

त्याचे उत्तर योगायोगाने दुसऱ्या एका पायी यात्रेतून मिळाले. नेदरलंड्समधल्या नायमेखेन शहरात दरवर्षी चार दिवसांची पदयात्रा असते, रोज ३०, ४० किंवा ५० किलोमीटर. तिथल्या संशोधकांनी शंभर जणांना तपासले: स्टॅटिन घेणारे आणि स्नायू दुखणारे ३५, स्टॅटिन घेणारे पण न दुखणारे ३४, स्टॅटिन न घेणारे ३१. चालण्याने तिघांच्याही स्नायूंवर ताण आला, रक्तातली क्रिएटिन कायनेजची (सीपीके) पातळी वाढली, पण तिन्ही गटांत सारखीच. २०२३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मॅरेथॉनची गोष्ट निराळी. बोस्टन मॅरेथॉन धावलेल्यांमध्ये स्टॅटिन घेणाऱ्यांची ही पातळी इतरांपेक्षा जास्त चढलेली आढळली. म्हणजे सवयीचे चालणे चालू ठेवावे, वारीसाठी दोन-तीन महिने आधीपासून अंतर वाढवत न्यावे, डॉक्टरांची संमती घ्यावी. आणि सवय नसताना एकदम सिंहगड धावत चढण्याचा बेत टाळावा. उताराच्या चालीने स्नायू जास्त दुखावतात हेही ध्यानात असू द्या. आणि सीपीकेची तपासणी करायची असेल तर मोठ्या चढाईनंतर लगेच करू नका. तो वाढलेला आकडा गोळीच्या माथी मारला जातो.

सुजेची कथा वेगळ्या यंत्रणेची आहे. ॲम्लोडिपिन बारीक धमन्यांच्या भिंती सैल करते, त्यामुळे रक्तदाब उतरतो. पण शिरांवर त्याचा तसा परिणाम होत नाही. वावरात पाणी सोडणारा पाट रुंद केला आणि निचऱ्याची चारी तेवढीच अरुंद ठेवली, तर पाणी बांधावरून झिरपणारच. केशवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो तो तसाच, आणि गुरुत्वाकर्षणाने घोट्यांशी साठतो. शरीरात पाणी वाढलेले नसते, जागा चुकलेली असते. म्हणूनच या सुजेवर लघवी वाढवणाऱ्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. सूज मात्रेवर अवलंबून असते. औषधाच्या मूळ चाचण्यांत ५ मिलिग्रॅमला ३ टक्के आणि १० मिलिग्रॅमला १०.८ टक्के लोकांचे पाय सुजले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त होते. मात्रा निम्मी करणे किंवा टेल्मिसार्टनसारखे शिरा सैल करणारे औषध जोडीला देणे हे त्यावरचे उपाय. ॲम्लोडिपिनच्या रेणूची दोन आरशातली रूपे एकत्र असतात आणि रक्तदाब उतरवते त्यांपैकी एकच. ते एकटे रूप, एस-ॲम्लोडिपिन, पुण्याच्या एमक्युअर कंपनीने भारतात आणले. ते निम्म्या मात्रेत पुरते आणि अनेकांची सूज त्यावर कमी होते, सर्वांची नाही.

इथे पोटरीचे आणखी एक नवल सांगायला हवे. माणूस निश्चल उभा असताना घोट्याजवळच्या शिरांतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागला की पोटरीचे स्नायू दर पावलाला शिरा पिळतात, झडपा रक्त खाली येऊ देत नाहीत आणि तोच दाब तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरतो. वैद्यकात पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते यासाठी. दुकानात दिवसभर उभे राहणाऱ्याने किंवा संगणकासमोर बसणाऱ्याने अधूनमधून टाचा उचलून टेकवल्या तरी हे दुसरे हृदय कामाला लागते. संध्याकाळी पाय छातीच्या पातळीहून वर ठेवून पडावे. सुजेसाठी वापरतात ते घट्ट मोजे मात्र पायांतल्या धमन्यांचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय घालू नयेत.

सूज आणि कळ यांवर औषधामागून औषध चढत जाण्याचा धोका मला सर्वांत गंभीर वाटतो. ॲम्लोडिपिनने पाय सुजले म्हणून लघवीची गोळी. तिने पोटॅशियम उतरले म्हणून पोटऱ्या वळू लागल्या. त्यावर नसांचे दुखणे समजून प्रेगाबालिन. आणि प्रेगाबालिनने पुन्हा पाय सुजले. मधुमेहावरचे पायोग्लिटाझोन त्यात भर घालते. वेगवेगळ्या डॉक्टरांकडून आलेल्या चिठ्ठ्या कुणी एकत्र पाहिल्याच नाहीत तर हे वर्षानुवर्षे चालते. त्याहून वाईट म्हणजे दुकानातून स्वतःच आणलेली डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅकची गोळी. ती रक्तदाब चढवते, शरीरात पाणी साठवते, मूत्रपिंडांवर ताण आणते आणि हृदयरुग्णात झटक्याचा धोका वाढवते. साध्या ठणक्याला शेक, हलका ताण, वरून चोळायचे मलम आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल एवढे बहुधा पुरते. रात्री गोळा आला तर उभे राहून टाच जमिनीला टेकवावी किंवा पायाची बोटे आपल्याकडे ओढून धरावीत. काही क्षणांत गाठ सुटते. क्यू-१० च्या महागड्या कॅप्सूल चाचण्यांत ठामपणे उपयोगी ठरलेल्या नाहीत. स्टॅटिनबरोबर ड जीवनसत्त्व दिल्याने दुखणे टळते का, हे दोन हजारांवर लोकांत पाहिले, तर फरक पडला नाही. ड कमी असेल तर ते हाडांसाठी भरून काढावे, एवढेच.

काही दुखणी मात्र गोळीची नसतातच आणि त्यांना गोळीचे समजणे घातक ठरते. ठरावीक अंतर चालले की पोटरीत कळ येते, थांबले की दोन-चार मिनिटांत जाते, पुन्हा तेवढेच चालले की पुन्हा येते: ही पायाच्या धमनीतल्या अडथळ्याची खूण. हृदयाच्या धमन्यांत जे साचले तेच पायांत साचलेले असते, आणि अशा माणसाला स्टॅटिनची गरज इतरांपेक्षा जास्त असते. घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर मोजून हे कळते, ते ०.९ च्या खाली असले की निदान पक्के. एकच पाय अचानक सुजला, पोटरी गरम आणि दुखरी झाली तर शिरेत गुठळी असू शकते. पाय एकाएकी गार, पांढरा पडून बधिर झाला तर तासांचा प्रश्न असतो. दोन्ही पायांच्या सुजेबरोबर धाप लागत असेल, रात्री उशा वाढवाव्या लागत असतील, दोन-तीन दिवसांत वजन वाढले असेल, तर हृदयच कमी पडत असण्याची शक्यता असते. बायपासमध्ये ज्या पायातून शीर काढली तो पाय काही महिने सुजतो आणि बधिर वाटतो, ते अपेक्षितच असते.

आपल्याकडे पाय दुखले की माणसे सगळ्याच गोळ्या एकदम बंद करतात, आणि माझे सर्वांत कळकळीचे सांगणे याबद्दल आहे. स्टेंट बसवल्यानंतरच्या पहिल्या महिन्यांत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल थांबवले तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. बीटा ब्लॉकर एकाएकी तोडला तर छातीचे दुखणे उसळते. संशय एका गोळीवर असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तेवढ्याच गोळीची दोन ते चार आठवडे सुट्टी घ्यावी, त्या काळात पायांचे टिपण रोज एका वहीत ठेवावे, आणि मग कमी मात्रेत किंवा दुसऱ्या स्टॅटिनने पुन्हा सुरुवात करावी. बहुसंख्य लोकांना कोणते ना कोणते स्टॅटिन कुठल्या तरी मात्रेत सोसते. रोसुव्हास्टॅटिन काहींना दिवसाआड दिले जाते. अगदीच नाही सोसले तर इझेटिमाइब आहे, बेंपिडोइक आम्ल आहे, वर्षातून दोनदा टोचायचे इन्क्लिसिरान आहे. बेंपिडोइक आम्ल स्नायूंत कार्यरत होतच नाही, आणि स्टॅटिन न सोसणाऱ्या सुमारे १४ हजार लोकांवरच्या चाचणीत त्याने हृदयाचे धोके घटवल्याचे २०२३ मध्ये दिसून आले. कोलेस्टेरॉलसाठी गुग्गुळाकडे वळणाऱ्यांनी २००३ सालची अमेरिकेतली चाचणी जाणून घ्यावी. तिच्यात गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी थोडे वाढले होते.

डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे आणि दुकानातून आणलेली मलमेसुद्धा एका पिशवीत घालून न्या, आणि सीपीके, थायरॉईड, ब-१२, क्रिएटिनिन, पोटॅशियम यांच्या तपासण्यांबद्दल विचारा. औषधाचा त्रास झाल्याची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो. भारत सरकारचा औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचा १८००-१८०-३०२४ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही मिळतो.